धारेवरून चालताना पाणी बघा: गोवा-कर्नाटक सीमेवरचा सह्याद्री कसा चालायचा

सत्तरी तालुक्यातल्या केरीतून पूर्वेकडं बघितलं की डोंगराची एक सलग भिंत दिसते. लहानपणी आम्हाला वाटायचं तिथं गोवा संपला, पलीकडं बेळगाव. घाटातल्या बसमधून ती भिंत कितीतरी वेळा चढलो असेन, उलटी होऊ नये म्हणून तोंडात लिंबाची फोड धरून, पण माथ्यावरून, म्हणजे धारेवरून पायी चाललो तो पंचविशी उलटल्यावर, आणि तेव्हापासून दर थंडीत दोन-तीनदा तरी वर गेल्याशिवाय राहवत नाही. आता ऑफिसातली पोरं, नात्यातली मुलं विचारतात की कसं जायचं, काय न्यायचं, कुठून काय दिसतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी जागेची कल्पना घ्या. उत्तरेला चोर्ला-सुर्लापासून निघून म्हादई अभयारण्य, अनमोड, मोले, दूधसागर आणि खाली नेत्रावळीपर्यंत सह्याद्रीची रांग गोव्याच्या पूर्व सीमेला धरून जाते. चोर्ल्याच्या आसपास गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिन्ही राज्यं एकमेकांना टेकतात. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोसोगड, हजार मीटरच्या वर उंच, हे याच रांगेत सत्तरी तालुक्यात आहे. १९६१ सालापर्यंत ही दोन देशांमधली सीमा होती, कॅसलरॉक हे त्या काळचं सीमेवरचं रेल्वे स्टेशन, आणि सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं याच डोंगरांच्या आधाराने झाली, दिपाजी राण्यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला तो इथंच वाळपईजवळ. हे सगळं डोक्यात असलं की वर उभं राहिल्यावर खालचा मुलूख वेगळा दिसतो, माझा तरी अनुभव तसा आहे.

अख्खी रांग एका दमात चालायचा विचार सोडून द्या. मधे अभयारण्यं आहेत, म्हादईने कापलेल्या खोल दऱ्या आहेत, माणूस न फिरकणारी जंगलं आहेत. एका दिवसात धारेचा एक तुकडा, तोही निवांत, एवढंच धरून चला.

कधी जायचं हे सगळ्यात आधी ठरवा कारण तिथं चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. पावसाळ्यात नको. जुलै-ऑगस्टमध्ये धारेवर ढग बसलेला असतो, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, वारा इतका की छत्री नुसती काडी होते, आणि कडा कुठं सुरू झाला ते गवतामुळे कळत नाही. शिवाय पावसाळ्यात माणसं बुडतात म्हणून धबधबे आणि अभयारण्याच्या वाटांवर सरकारी बंदी येत असते, ती मोडून जाऊ नका, त्या बंदीमागं दरवर्षी कुणाच्या तरी घरचं रडणं असतं. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला, वाटा सुकल्या की नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा सीझन. फेब्रुवारीच्या मध्यापासून हवेत धूर आणि धूळ धरते, लांबचं दिसत नाही, गवत वाळून कोरडंठाक होतं आणि वणव्याची भीती. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी ओतायची वेळ आली होती, वर कितीतरी दिवस धुराचा पट्टा दिसायचा. त्यामुळे काडेपेटी, सिगरेट, चूल, काही म्हणजे काही नाही. चहा हवा तर थर्मासात न्या.

परवानगीचं प्रकरण लोक हलकं घेतात. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे, सोसोगड आणि धारेचा बराचसा भाग त्यात किंवा त्याच्या कडेला येतो, तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. वाळपईला वन खात्याच्या ऑफिसात आधी जाऊन विचारा, किती जण, कुठून वर, कुठून खाली, कधी परत, हे कागदावर लिहून द्या, आधारची झेरॉक्स सोबत ठेवा. आणि एक गोष्ट जी पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे सीमा ओलांडली की खातं बदलतं. गोव्याचा कागद कर्नाटकाच्या जंगलात चालत नाही, तिकडं भीमगड अभयारण्य आहे, त्यांचे गार्ड वेगळे, नियम वेगळे. धारेवर तर दहा मिनिटांत तुम्ही दोनदा इकडून तिकडं होता. म्हणून वाट ठरवतानाच आपण कुठल्या बाजूने राहणार ते ऑफिसात विचारून घ्या आणि स्थानिक वाटाड्या घ्या. गाडी लावायची तर वाड्यावरच्या माणसांना विचारून, कुणाच्या अंगणात, काजूच्या बागेत न विचारता घुसवू नका.

पहिल्यांदा कुठं जायचं म्हणाल तर थेट सोसोगडचं स्वप्न बघू नका. आधी केरीजवळच्या वाघेरीच्या डोंगरावर जा. वाघेरी सीमेवर नाही, रांगेच्या पुढ्यात सुटा उभा आहे, पण तिथून सीमेची अख्खी भिंत समोर दिसते आणि पायथ्याला अंजुणे धरणाचं पाणी. डोंगरावर जायच्या आधी डोंगर समोरून बघून घेतलेला केव्हाही चांगला, कुठली सोंड, म्हणजे डोंगराचा उतरता फाटा, कुठं उतरते, कुठली सोंड मधेच तुटते, कुठं नुसता काळा कडा आहे, हे खालून जितकं कळतं तितकं वर गेल्यावर कळत नाही. मोबाईलवर त्या भिंतीचे चार फोटो काढून ठेवा, पुढं कामाला येतात.

दुसऱ्या वेळी सुर्ला. गाव आठशे मीटरच्या आसपास उंचीवर, गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे चढण्यात जीव जात नाही आणि सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेकडेने अर्धा दिवस आरामात चालता येतं. घरच्या थोरांना, दहा-बारा वर्षांच्या मुलांना न्यायला ही जागा उत्तम. सोसोगड त्यानंतर, परवानगी घेऊन, वाटाड्या घेऊन, पूर्ण दिवस हाताशी ठेवून, आणि पायाला सवय झाल्यावरच.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. धारेवर चालताना तुमच्या मनात सतत एकच प्रश्न असला पाहिजे, इथं पडलेलं पाणी कुठल्या बाजूला जाणार? वाट, खुणा, मोबाईल हे सगळं नंतर.

आपला सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा नाही. पश्चिमेला, म्हणजे गोव्याकडं, तो एकदम तुटलेला आहे, शेकडो मीटरचे कडे. पूर्वेला तो हळूहळू सपाट होत जातो, सडा, शेतं, गावं. पाण्याचंही तसंच. चोर्ल्याहून पुढं बेळगावच्या रस्त्याला कणकुंबी लागतं, तिथं मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच कणकुंबीच्या परिसरातला कळसा नाला म्हादईला मिळतो, म्हादई पुढं मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची ही गोष्ट आहे. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यं इतकी वर्षं का भांडतायत, लवाद कशाला बसला, २०१८ साली त्याचा निवाडा आला तरी विषय का संपत नाही, हे पेपरात वाचून मला कधी नीट कळलं नव्हतं, तिथं त्या माळावर उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळलं, कारण हे पाणी इकडचं तिकडं वळवायला जमिनीचा उंचवटा आहेच किती!

यातून चालणाऱ्याला कळायची गोष्ट अशी की राज्याची सीमा आणि पाण्याची धार एकच नसतात. म्हादईचा उगमच कर्नाटकात खानापूर तालुक्यात आहे. नकाशावर सीमेची तुटक रेघ असते, जमिनीवर तसं काही दिसत नाही, जमिनीवर दिसतो तो फक्त पाण्याचा उतार. मोबाईलमधली रेघ बघून ‘आपण सीमेवर आहोत म्हणजे धारेवर आहोत’ असं धरून चाललात तर फसाल.

आम्ही फसलो होतो. डिसेंबर महिना, मी, माझा मावसभाऊ आणि त्याचा एक मित्र, सड्यावरून परत येताना साडेतीनच्या सुमारास एका सोंडेवर चांगली मळलेली वाट दिसली, पश्चिमेला उतरणारी, आम्हाला वाटलं हीच खाली गावात जाते. नंतर कळलं ती गव्यांची वाट होती. अर्ध्या तासात ती एका व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरली आणि संपली. व्हाळात पाणी जेमतेम, मोठे मोठे गुळगुळीत दगड, आम्ही म्हटलं पाणी खाली गावातच जाणार ना, चला पाण्याबरोबर. पहिली पायरी पुरुषभर उंचीची, उतरलो. दुसरी त्याच्या दुप्पट, बसून घसरत उतरलो. तिसरीपाशी आलो आणि खाली बघितलं तर तीस-चाळीस फूट सरळ तुळतुळीत कातळ आणि तळाला काळं पाणी. आणि मागं वळलो तर दुसरी पायरी परत चढता येईना, हाताला धरायला काही नाही, शेवाळ सुकून काचेसारखं झालेलं. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. शेवटी बाजूच्या उतारावर एका झाडाच्या मुळ्या लोंबत होत्या त्या धरून, एकेकाला ढकलत, दीड तासाने वर आलो. तोवर अंधार. तिघांत एक टॉर्च. रात्र सड्यावर काढली, थंडीने दात वाजत होते, आणि सकाळी गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी घरी नेऊन चहा पाजला. ते म्हणाले, “अरे बाळांनो, पाणी बघून उतरायचं नसतं, कुठं उतरायचं नाही ते पाणी बघून कळून घ्यायचं.”

काकांचं म्हणणं असं समजून घ्या. वाट चुकलात आणि व्हाळ पश्चिमेला जातोय असं दिसलं तर त्या व्हाळाने कधीही, काहीही झालं तरी उतरायचं नाही, तो कड्यावरून धबधबा होऊनच खाली जातो, दुसरा रस्ता त्याला नाही. उलट वर चढा, धार गाठा, आणि जिथे शेवटची ओळखीची खूण होती तिथपर्यंत मागं या. पाणी पूर्वेला जातंय, उतार मंद आहे, गुरांचं शेण दिसतंय, काजूची लागवड दिसतेय, तर तिकडं वस्ती असण्याची शक्यता जास्त. पण इथंही डोळे मिटून जाऊ नका कारण म्हादईच्या वरच्या खोऱ्यात पूर्वेकडचे वाटणारे व्हाळसुद्धा वळसा घेऊन खोल दरीत पडतात. म्हणून नियम एकच, आल्या वाटेने परत. आणि पायऱ्या उतरताना स्वतःला विचारा, ही मला परत चढता येईल का? नसेल तर उतरू नका. आम्ही दुसऱ्या पायरीला हे विचारलं असतं तर रात्र घरी झोपलो असतो.

चालायच्या तंत्राबद्दल थोडं. सड्यावर जांभ्याचा बारीक खडा पसरलेला असतो, सुकल्यावर तो बुटाखाली मोहरीच्या दाण्यांसारखा सरकतो, उतारावर तर जास्तच. पाऊल आडवं टाका, टाच आधी दाबा, घाईत उड्या नकोत. कडेपासून निदान दोन माणसांच्या अंतरावर राहा कारण गवत कड्याच्या बाहेर झुकलेलं असतं आणि खाली माती असेलच असं नाही. कडेवरून खाली बघायचंच असेल तर पोटावर झोपून, पाय धरायला मागं कुणीतरी, सेल्फी तर अजिबात नाही. मधल्या खिंडीत आणि उतारांवर कारवीचं रान लागतं, डोक्याएवढं उंच, त्यातून तासाला दीड-दोन किलोमीटरच्या वर चाललं जात नाही हे हिशेबात धरा. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळते, ती वाळकी काठी धरून चढायला जाल तर काडकन मोडून हातात येते. आमच्या आजीच्या घराच्या कुडाला हीच कारवी होती, शेणाने लिंपलेली, उभी बांधली तर वर्षानुवर्षं टिकते पण माणसाचा भार घेत नाही. कशाला धरण्याआधी एकदा ओढून बघा. आणि हिरव्या फांदीला हात घालण्याआधी नीट बघा, चापडा, हा हिरवा विषारी साप, फांदीवर वेटोळं करून जराही न हलता बसलेला असतो, हाताच्या उंचीवर, पानाच्या रंगाचा.

नजाऱ्याचं सांगतो, कारण त्यासाठीच तर एवढी मरमर. बहुतेक लोक दुपारी वर पोचतात, पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर, खाली सगळं पांढुरकं, फोटो काढतात आणि ‘काही खास नाही’ म्हणून उतरतात. धारेवरून गोवा बघायची वेळ सकाळची आहे. सूर्य तुमच्या पाठीमागून, कर्नाटकातून उगवतो, आणि डोंगराची सावली पुढं सत्तरीवर लांबच लांब पडलेली असते. थंडीच्या दिवसांत म्हादईच्या खोऱ्यात पहाटे धुकं भरतं, वरून बघितलं की पांढरा समुद्रच, त्यातून वाघेरी आणि इतर टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर आलेले. मग ती सावली हळूहळू डोंगराच्या पायथ्याकडं सरकायला लागते, आधी लांबची गावं उजळतात, मग जवळची, आणि ऊन जिथं पोचतं तिथलं धुकं विरघळतं. आठ ते दहा ही वेळ. एका जागी बसा, बोलू नका, फोन खिशात. अंजुण्याचं पाणी आधी शिशासारखं करडं असतं, मग एका कडेने चमकायला लागतं. खालच्या व्हाळातून शिळकरी कस्तूर शीळ घालतो, एखाद्या पोराने वाट चुकल्यासारखी मधेच तोडलेली शीळ. झाडीच्या कडेला थांबलात तर लाल कंठाचा बुलबुल दिसण्याची शक्यता, आपल्या गोव्याचा राज्यपक्षी, काळं डोकं, पिवळं अंग आणि गळ्यावर माणकाचा ठिपका.

धुकं गेलं की पश्चिमेला डिचोली-सांखळीकडच्या खाणींचे लाल खड्डे दिसतात, तेही बघा, नजर चुकवू नका, आपलीच जमीन आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने धुतलेली हवा असते तेव्हा क्षितिजावर समुद्राची चकाकीसुद्धा कळते. चोर्ल्याच्या बाजूने वज्रा धबधबा दिसतो, त्याला बघायचं तर पाऊस संपल्यासंपल्या जा, जानेवारीनंतर नुसती ओली रेघ उरते. आणि पूर्वेला मान वळवली की एकदम दुसरंच जग, ना कडा ना दरी, पसरट हिरवे-पिवळे माळ आणि त्यावर ढगांच्या सावल्या. एकाच जागी उभं राहून कोकणपट्टी आणि घाटमाथा दोन्ही बघायला मिळतात.

प्राण्यांचं म्हणाल तर हे त्यांचं घर आहे, वाघ आहेत इथं. २०२० सालच्या जानेवारीत सत्तरीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली तेव्हा आख्खा गोवा हळहळला. वाघ तुम्हाला दिसणार नाही बहुतेक, पण गवा दिसतोच. गवा समोर आला तर थांबा, त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघू नका, न पळता हळूहळू मागं सरका आणि त्याला जायला वाट द्या, एकटा नर असेल तर जास्तच अंतर. अस्वलाला अचानक समोर आलेलं खपत नाही, म्हणून कारवीच्या वळणांवर साध्या आवाजात बोलत चला. कड्यांना मात्र गप्प. तिथं आग्या मोहोळं लटकलेली असतात, आरडाओरडा, धूर, अंगावर सेंट यातलं काही नको, माश्या उठल्या तर पळायला धारेवर जागाच नसते.

या सगळ्यापेक्षा मला भीती वाटते ती गोचिडीची. माकडतापाचा विषाणू तिच्या चाव्यातून येतो, हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५पासून आपल्या सत्तरीतही त्याच्या केसेस झाल्या, माणसं दगावली. जानेवारी ते मे हा त्याचा जोर. लांब बाह्यांचा शर्ट, फुल पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, उघड्या अंगाला गोचीड पळवणारं तेल किंवा मलम, आणि पालापाचोळ्यात किंवा गुरं बसतात तिथं बूड टेकायचं नाही, कातळावर बसा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून आरोग्य केंद्राला कळवा. ऑक्टोबरात गेलात तर जळवाही असतात पण त्यांचं काही नाही, मीठ लावलं की सुटतात, खाज सुटते आणि विसरायला होतं.

साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं हे सगळं विसरा. माणसाला बसवा, चावलेला पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि उचलून रस्त्यापर्यंत आणा. सरकारी दवाखान्यात मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर चालतं, चापड्यावर ते चालत नाही, त्याचे उपचार वेगळे, म्हणून साप कसा होता, हिरवा की तपकिरी, डोकं त्रिकोणी होतं का, हे डॉक्टरला सांगता आलं तर फार फरक पडतो. सापाला मारून पिशवीत घालून नेऊ नका, लांबून एक फोटो पुरे.

सामान कमीच ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, कारण नोव्हेंबरनंतर धारेवर पाणी मिळत नाही, जे पाणी आहे ते खाली उताराला आणि तिथं उतरायचं नाही हे वर सांगितलंच. दोन लिंबं, साखर-मिठाची पुडी किंवा ओआरएस. खायला आम्ही पोई, म्हणजे गोव्याकडचा पाव, आणि सुकी चण्याची उसळ नेतो, पोई दिवसभर मऊ राहते आणि दबली तरी बिघडत नाही. गूळ-शेंगदाणे खिशात. भाताचा डबा नको, ऊन लागून आंबतो आणि खाल्ल्यावर झोप येते. प्रत्येकाला वेगळा टॉर्च, हे मी हात जोडून सांगतो, तिघांत एक नाही, तिघांत तीन. एक स्वेटर, खाली घामाने भिजलात तरी वर संध्याकाळी लागतो. शिट्टी. दहा मीटरची दोरी असली तर उत्तम. बूट जुने, पायाला बसलेले, नवे कोरे घालून धारेवर आलेल्या माणसाला आम्ही एकदा अर्ध्या वाटेवरून अनवाणी परत आणलंय, टाचांना फोड येऊन फुटलेले.

मोबाईल घाटात शिरला की इकडचा तिकडचा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो, दुपारपर्यंत निम्मी खलास. नकाशा घरी वायफायवर डाउनलोड करून घ्या आणि वर फोन फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं. निघाल्यापासून ट्रॅक रेकॉर्ड करा म्हणजे परतीला आपलीच रेघ आपल्याला दिसते. नेटवर्क मिळेल त्या उंच जागी एकदा घरी मेसेज टाका.

आणि वेळ. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं. म्हणून दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागं फिरायचं, शिखर समोर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. हे ठरवायचं काम ग्रुपमधल्या एकाच माणसाकडं द्या आणि त्याने फिरा म्हटलं की फिरायचं, वाद घरी घाला. उतरताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवा, सगळ्यात तरबेज माणूस शेवटी.

खाली आल्यावर गाडीत बसण्याआधी एकमेकांच्या मानेवर, कानामागं, काखेत, कमरेला गोचीड आहे का बघा. मिळाली तर बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि जागा साबणाने धुवा. कपडे घरात न नेता बाहेरच गरम पाण्यात टाका. पुढचे आठ-दहा दिवस ताप, डोकेदुखी, अंग मोडून आल्यासारखं काही वाटलं तर साधा ताप म्हणून गोळी घेऊन पडू नका, वाळपई किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. आणि वाड्यावर ज्या काकांना, मामींना ‘संध्याकाळपर्यंत येतो’ सांगून वर गेला होता त्यांच्या दारात जाऊन ‘आलो’ म्हणून सांगा, नुसता हॉर्न वाजवून निघू नका, ती माणसं दिवे लागल्यापासून ओटीवर बसून डोंगराकडं बघत असतात.